साहेबांसमोर चावायचं नाही

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"जेवण," नर्स म्हणाली.

साहेबांनी आधी नर्सकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या ट्रेकडे, मग पुन्हा नर्सकडे. एवढ्या मोठ्या ट्रेच्या मधोमध एक प्लॅस्टिकचं बोळकं होतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर टोपीसारखं उपडं घातलेलं असतं ना, तेच. त्यात कसलंसं फिकट पाणी होतं. हे जेवणाआधी घ्यायचं औषध असणार असं समजून साहेबांनी ते एका घोटात संपवलं, तोंड पुसलं आणि जेवण यायची वाट पाहू लागले. जेवण आलं नाही, कळ आली. छातीच्या मधोमध कुणीतरी आतून कडी घातल्यासारखं झालं, डोळे पांढरे झाले आणि साहेबांनी पलंगाचा दांडा असा काही आवळला की तो दांडा आजही जरा वाकडाच आहे म्हणतात.

"अहो, एकदम काय प्यायलात! ते अर्ध्या तासाचं होतं!" नर्स ओरडली.

कळ थोड्या वेळानं गेली, पण त्या वाक्याचा धक्का काही जाईना. अर्ध्या तासाचं! जो माणूस अर्धा तास खाणावळीत बसला तर मालक आतल्या माणसाला डोळ्यानं खूण करून पातेल्यांवर झाकणं टाकायला सांगत असे, त्याला अर्ध्या तासाला एक बोळकं. तेही पूर्ण भरलेलं नाही, रेषेपर्यंत.

साहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. बाजारातले काटे तपासायचे, दुधातेलाची मापं भरून बघायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा आणि नसतील तर दुकानदाराचं धाबं दणाणून सोडायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. बाजारात त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'क्विंटलसाहेब'. यात दुकानदारांचा आकस नव्हता, उलट कृतज्ञताच होती. साहेब गल्लीच्या तोंडाशी आले की शेवटच्या दुकानापर्यंत उजेड कमी व्हायचा आणि काटे सरळ करून घ्यायला सगळ्यांना पुरेसा वेळ मिळायचा. पुढे गुडघ्यांनी राजीनामा दिला, रक्तातली साखर चढली आणि डॉक्टरांनी पोटाची पिशवी छाटून अंड्याएवढी करून टाकली. अंड्याएवढी हे त्यांनी ऑपरेशनआधीच सांगितलं होतं. कशाचं अंडं, हे साहेबांनी विचारलं नव्हतं. ते मनाशी शहामृग धरून चालले होते.

घरी सोडायच्या दिवशी आहारतज्ज्ञ बाई आल्या. बाई अंगानं काडी आणि स्वभावानं गोड. त्यांनी समजावून सांगितलं की आधी नुसतं पातळ, मग जरा दाट, मग कुस्करलेलं, मग मऊ. घोट घोट घ्यायचं, दोन घोटांत थांबायचं. खाणं आणि पाणी एकत्र नाही. वजन उचलायचं नाही.

"ते सगळं कळलं," साहेब म्हणाले, "पण याच्याबरोबर जेवायला काय घ्यायचं?"

बाई मनापासून हसल्या. त्यांना वाटलं, पेशंट विनोदी आहे. साहेबांना वाटलं, बाई निर्दय आहेत. दोघांचे हे गैरसमज पुढे बरेच दिवस टिकले.

खरं सांगायचं तर साहेबांना भूक अशी लागतच नव्हती. हाही त्यांना धक्काच होता. पन्नास वर्षं ज्या भुकेनं इमानेइतबारे साथ दिली ती अशी न सांगता निघून जावी, याचं त्यांना वाईट वाटत होतं. पण भीती वेगळीच होती. घरातलं जेवणाचं टेबल हे साहेबांचं खरं ऑफिस. टोकाच्या खुर्चीत ते बसायचे आणि समोर सगळ्या घराचा दिवस उलगडायचा. मुलगा विमा कंपनीतल्या साहेबाच्या नकला तिथेच करायचा. सूनबाई तलावावर पोहायला शिकवायची, ती कोण बुडता बुडता वाचलं ते तिथेच सांगायची. बायको वाढता वाढता सगळ्यांना बोलायची आणि साहेब घास घेता घेता निकाल द्यायचे. मुलाचं लग्नसुद्धा त्या टेबलावर दुसऱ्यांदा भात घेताना ठरलं होतं. आता आपण खाणारच नसलो तर त्या खुर्चीत बसून करणार काय, आणि त्या खुर्चीत नसलो तर या घरात आपण कोण, हा प्रश्न साहेबांना गाडीत घरी येतानाच पडला. तो त्यांनी कुणाला विचारला नाही. निरीक्षकानं प्रश्न विचारायचे असतात, घाबरून नाही.

पहिल्या रात्री साहेब आपल्या खुर्चीत बसले, बोळकं पुढ्यात. बाकीच्यांनी लाजत लाजत थोडंसं खाल्लं. सूनबाईनं सूपात बुडवून टोस्ट खाल्ला. फार बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब उठून बघतात तर टेबलावर इस्त्रीचे कपडे.

"आता इथे कुणी जेवायचं नाही," बायकोनं जाहीर केलं. "तुम्ही पाण्यावर राहणार आणि आम्ही तुमच्यासमोर चावणार, हे मला जमणार नाही. जे तुम्हाला ते आम्हाला. आम्हीही सूपच पिणार."

साहेबांचा कानांवर विश्वास बसेना. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं गंभीरपणे मान हलवली. सूनबाई जमिनीकडे बघत "हो बाबा" म्हणाली. दिवसभर पाण्यात हातपाय मारणारी ती पोर सूपावर राहणार! साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या घरात एवढा त्याग भरलेला आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून त्यांचं बोळकं त्यांना खोलीतच मिळू लागलं आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हीच गोष्ट सांगू लागले. "घरात कुणाचा दात दाताला लागत नाही माझ्यासाठी. बोला आता!"

भेटायला येणारे बोलायचेच. ऑपरेशन पोटाचं झालं की सल्ला द्यायला डॉक्टर असावं लागत नाही, पोट असलं की पुरतं. कुणाच्या मेव्हण्यानं असंच ऑपरेशन करून आठव्या दिवशी मटण खाल्लं होतं आणि आज तो ट्रक चालवतो. कुणाच्या चुलतसासूनं पाणी चमच्यानं घेण्याऐवजी कापूस भिजवून चोखला होता, ती मात्र आज नाही, पण ते वेगळ्या कारणानं. या सगळ्यांत सव्वाशेर म्हणजे समोरच्या दारातले मास्तर. शाळेचे नव्हेत, पोस्टाचे, निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब. जन्मभर दुसऱ्यांचे पत्ते वाचल्यामुळे त्यांना स्वतःच्या पत्त्यावर करमत नसे आणि दिवसातून तीनदा ते साहेबांकडे पोचते व्हायचे.

"चमचा कशाला?" मास्तर म्हणाले. "स्ट्रॉनं प्या. बारीक नळी, बारीक घोट. साधं शास्त्र आहे."

साहेबांना ते पटलं. नळीतून येणारा द्रव एकसारखा येतो, हे तर त्यांच्या खात्याचंही मत होतं. त्यांनी एक कप कोमट पाणी स्ट्रॉनं प्यायलं. स्ट्रॉबरोबर हवाही आत जाते हे मास्तरांच्या शास्त्रात नव्हतं. अंड्याएवढ्या पिशवीत तेवढी हवा शिरल्यावर तिला परत यायला एकच रस्ता होता आणि नेमका त्याच वेळी ऑफिसातून मोठ्या साहेबांचा फोन आला.

"प्रकृती कशी आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

साहेबांनी तोंड उघडलं आणि जो आवाज निघाला तो ऐकून पलीकडे शांतता पसरली.

"माफ करा सर, मी..." पुन्हा तोच आवाज, याहून लांब.

"मी नंतर करतो," मोठे साहेब थंडपणे म्हणाले. तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी वरिष्ठांसमोर कधी जांभईसुद्धा दिली नव्हती. ते भिंतीकडे तोंड करून दुपारभर पडून राहिले आणि दुपारभर ढेकर देत राहिले.

त्या फोनचा परिणाम म्हणा की काय, चौथ्या दिवशी खात्याकडून विचारणा आली. डॉक्टरांच्या दाखल्यात 'वजन उचलण्यास मनाई' असं लिहिलं होतं. वजनमापे खात्यातला निरीक्षक वजन उचलणार नसेल तर नेमकं काय उचलणार, असा वरच्या ऑफिसचा सवाल होता. साहेबांनी हलकं काम मागितलं. खात्यात हलकं काम नाही, असं उत्तर आलं. सगळ्यात हलकी वजनं सोनाराकडची, पण तो विभाग दुसऱ्या निरीक्षकाकडे होता आणि त्याला तिथून हलवायला मंत्रालयाची मंजुरी लागत होती. साहेबांनी कारकुनाला फोन करून विचारलं, "अरे, मग मी रुजू होऊ की नको?" कारकून म्हणाला, "व्हा साहेब, पण पेटी उचलू नका. आणि पेटीशिवाय बाजारात जाऊ नका."

ती तपासणीची पेटी साहेबांच्या घरातच होती आणि तिनं एक वेगळाच घोळ करून ठेवला. रिकाम्या मनाला उद्योग हवा म्हणून साहेबांनी एका सकाळी खात्याचं प्रमाण माप काढलं आणि हॉस्पिटलचं बोळकं तपासलं. रेषेपर्यंत भरलं की त्यात ठरल्यापेक्षा थोडं जास्तच मावत होतं. थोडं म्हणजे चमचाभरसुद्धा नाही, पण चूक ती चूक. साहेबांचं रक्त सळसळलं. किती दिवसांनी काहीतरी आपल्या हातचं सापडलं होतं! त्यांनी लगेच आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला आणि मापातली तफावत, तिची कारणं आणि त्याविषयीचं कलम असं सगळं सविस्तर सांगितलं.

"अगं बाई, जास्त जातंय का?" बाई काळजीनं म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत. मग तुम्ही रेषेच्या जरा खालीच भरत जा हं."

साहेबांच्या हातातला फोन तसाच राहिला. जन्मभर लोकांचं माप पुरं करून देणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं स्वतःचं माप कापून घेतलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मास्तरांनी सांत्वन केलं, "कायद्यानं वागलं की असंच होतं."

मग आलं आइसक्रीम. ते ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं आणलं होतं, "चावायचं नाही ना, म्हणून मुद्दाम!" असं सांगून. बायकोनं ते फ्रीजरमध्ये मागे सारलं. दुपारी घरात कुणी नाही असं बघून साहेबांनी डबा काढला, तो ओट्यावर ठेवला आणि समोर स्टूल घेऊन बसले. नियम काय होता? पातळ. आइसक्रीम घट्ट आहे, म्हणून आत्ता ते नियमात बसत नाही. ते वितळेल, मग ते पातळ होईल, मग त्याला आइसक्रीम म्हणायचंच कशाला? साहेब ओल्या होत जाणाऱ्या त्या डब्याकडे बराच वेळ बघत बसले. जन्मात कुठल्याही प्रकरणाचा त्यांनी इतक्या शांतपणे पाठपुरावा केला नव्हता. वितळल्यावर त्यांनी ते चमच्यानं, घोट घोट, मध्ये थांबत, अगदी बाईंनी सांगितल्या पद्धतीनं घेतलं. बोळकं भरून झाल्यावर आणखी एक.

थोड्या वेळानं कपाळावर घाम आला. मग मानेवर. मग छातीत कुणीतरी गाडा ओढत पळत सुटलं. हात थरथरायला लागले, कान गरम झाले, पोटात मुरडा आला. बायको बाजारातून आली तेव्हा साहेब स्वयंपाकघरात जमिनीवर आडवे झाले होते आणि गार फरशीला गाल लावून होते.

"अगं, मी चाललो," साहेब पुटपुटले. "ती पेटी खात्यात जमा कर. पावती घ्यायला विसरू नकोस."

बायकोनं ओट्यावरचा डबा बघितला, साहेबांकडे बघितलं आणि बाईंना फोन लावला. बाईंनी आधी दोनचार प्रश्न विचारले, मग म्हणाल्या, "साखर आहे ती. या ऑपरेशननंतर गोड असं एकदम गेलं की असंच होतं. पडून राहू द्या. फरक पडला नाही तर सरळ घेऊन या."

"विचार, किती वेळ आहे माझ्याकडे," जमिनीवरून आवाज आला.

"अर्ध्या तासात बरं वाटेल म्हणतायत."

पुन्हा अर्धा तास! साहेबांनी डोळे मिटून घेतले. बरं वाटलं खरं, पण बायको दिवसभर बोलली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. तिनं डबा धुतला, फरशी पुसली आणि संध्याकाळी नेहमीसारखी शिवणाच्या क्लासला निघून गेली.

हा शिवणाचा क्लास नवा होता. ती गेली की थोड्या वेळानं मुलगा "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणायचा. त्याचे पाय मोकळे व्हायला लागले की सूनबाईला मैत्रिणीची आठवण व्हायची. तिघंही हसत परत यायची. साहेबांना ते बरंच वाटायचं, बिचारी सूपावर राहून एवढी आनंदात आहेत! तोंडाशी बोळकं धरून ते एकटे बसायचे आणि रिकाम्या घरात घड्याळ ऐकायचे.

संशय आला तो रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात. पेटीतलं वीस किलोचं प्रमाण वजन त्यांनी मुलाकडून उचलवून घेतलं आणि घरातला वजनकाटा तपासून पाहिला. काटा चोख निघाला. एवढा चोख काटा समोर आहे तर वाया कशाला घालवायचा, म्हणून साहेब स्वतः चढले. चांगलं घसघशीत उतरलं होतं. मग गंमत म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्यांना एकेक करून चढवलं. ऑपरेशनच्या तयारीसाठी हा काटा घरात आला तेव्हाही सगळ्यांनी वजन केलं होतं, आणि साहेब एकदा बघितलेला आकडा विसरत नसत.

मुलगा चढला. साहेबांनी आकडा बघितला, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितला. मुलगा वाढला होता. सूनबाईही थोडी वर गेली होती. बायको तेवढी उतरली होती, चांगली साडेतीन किलो.

साहेबांनी आ वासला. नुसत्या सूपावर माणूस फुगतो? हे कुठल्या खात्यात घडतं? गोदामातला माल न भरता वाढतो तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो, आणि तो अर्थ शोधून काढायचा पगार ते तीस वर्षं घेत आले होते. बायको खरी, असा शेरा त्यांनी मनात मारला. सबंध घरात एकटी ती आपल्याबरोबर उपाशी आहे! बाकीचे दोघं बाहेर कुठेतरी हॉटेलात बसून ताव मारतायत आणि आपण लोकांना त्यागाच्या गोष्टी सांगतोय. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

निरीक्षकाचं पहिलं तत्त्व असं की दुकानदाराला कळवून जायचं नसतं. त्या संध्याकाळी तिघं निघून गेल्यावर साहेबांनी घरातले सगळे दिवे मालवले, पायातल्या चपला हातात घेतल्या आणि दार किलकिलं करून जिन्यात कान दिला. खाली जायची गरजच पडली नाही. समोरच्या मास्तरांच्या दाराआडून भांड्यांचा आवाज येत होता. तळलेल्या कांद्याचा वास येत होता. आणि मुलगा विमा कंपनीतल्या साहेबाची नक्कल करत होता. पाठोपाठ हसण्याचा असा मोठा फवारा आला की साहेबांना जिन्याचा कठडा धरावा लागला.

त्यांनी बेल वाजवली नाही. छाप्याला बेल वाजवत नाहीत. दार ढकललं तर ते उघडंच होतं.

आत दोन टेबलं जोडून एक केलेलं होतं. त्यातलं दुसरं टेबल साहेबांनी ओळखलं, ते त्यांच्याच घरातल्या बाल्कनीतलं. खुर्च्याही त्यांच्याच. मधे मोठं पातेलं, भाताचं भांडं, चिरलेली काकडी, खरपूस टोस्टची चळत. टोकाच्या खुर्चीत मास्तर बसले होते, चांगले गुबगुबीत झालेले, गळ्याला रुमाल लावून. मुलाचे दोन्ही गाल भरलेले होते. सूनबाईच्या हातातला काटाचमचा हवेत राहिला. आणि पातेल्यावर झुकून, हातात डाव घेऊन, उभी होती बायको.

साहेबांना बसलेला हा धक्का मागच्या सगळ्या धक्क्यांच्या वरताण होता. एकटी खरी म्हणून जिच्या नावावर शिक्का मारला होता, तीच पातेल्याशी!

कुणी चावत नव्हतं. मुलाच्या गालांतला घास जिथे होता तिथेच थांबला होता.

"या, या, बसा ना!" मास्तर गडबडून उठले. "पाणी देऊ? नको, नको, जेवताना पाणी नाही..."

"शिवणाचा क्लास," साहेब बायकोकडे बघत एवढंच म्हणाले.

"बाबा, चूक आमची आहे," सूनबाईनं सुरुवात केली.

"चूक माझी आहे," मास्तर म्हणाले. "मीच म्हटलं होतं, चावण्याचा आवाज कानातून थेट पोटात जातो आणि रुग्णाची पिशवी ताणते. मीच म्हटलं, माझ्याकडे या जेवायला." मग त्यांचा आवाज खाली आला. "शास्त्र असं काही नव्हतं त्यात. माझ्याकडे कोण येतं हो जेवायला?"

साहेबांना मास्तरांवर चिडता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माणसानं एवढं सरळ कबूल केल्यावर दंड कशाचा करायचा? ते बायकोकडे वळले. "आणि तू? मला वाटलं, निदान तू तरी. मी तिकडे एकटा भिंत बघत बसायचो, आणि इथे हसण्याचे मजले चढतायत. माझ्या टेबलावर इस्त्री, आणि माझं घर इथे! मी जेवत नाही म्हणून मी नाहीच का आता?"

आवाज शेवटी चिरकला. साहेबांना स्वतःलाच तो ओळखू आला नाही.

बायकोनं डाव पातेल्यात ठेवला. "तुम्हाला आठवतं ती पहिली रात्र?" ती म्हणाली. "हिनं टोस्ट खाल्ला होता. ही चावत होती आणि समोर तुम्ही. तुमच्या तोंडात काही नव्हतं. अहो, तुम्ही रिकाम्या तोंडानं चावत होतात. हिच्याबरोबर, हिच्याच गतीनं. तुम्हाला कळतसुद्धा नव्हतं. मला ते बघवेना."

साहेबांचा हात आपोआप जबड्याकडे गेला. मुलानं घास तसाच गिळला आणि त्याला ठसका लागला, तो त्यानं दाबला. आपलं तोंड आपल्याला न विचारता असं चारचौघांत काम करत होतं, हे ऐकून साहेबांना लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग बायकोची फार दया आली. तिनं ते पाहिलं होतं आणि इतके दिवस एकटीनं पोटात ठेवलं होतं.

मग त्यांची नजर टेबलावर गेली. बघायची सवयच ती. तीन ताटं खरकटी होती. चौथं बायकोच्या जागेवर होतं, आणि ते कोरडं होतं. वाढलेलंच नव्हतं. साडेतीन किलो! आकडा समोर आला तेव्हा साहेब चोर शोधायच्या नादात होते. डोळ्यांदेखत एक माणूस झिजत गेला आणि बाजारभर मापातलं पाप पकडणाऱ्या निरीक्षकाला ते दिसलं नाही.

"तू जेवत नाहीस?" त्यांनी विचारलं.

"वाढते की सगळ्यांना," ती म्हणाली.

"ते विचारलं नाही मी."

तिनं पदराशी चाळा केला. "घास उतरत नाही हो. इथे बसलं की तुम्ही तिकडे एकटे दिसता. तिकडे आलं की तुमचं ते रिकामं तोंड दिसतं. कुठे बसून जेवू?"

साहेबांनी एक खुर्ची ओढली. टोकाची नव्हे, टोकाला मास्तर होते आणि त्यांना उठवावंसं आज वाटेना. त्यांनी बायकोच्या शेजारची खुर्ची ओढली, बसले आणि तिला दंडाला धरून बसवलं. तिच्या ताटात भात वाढला, वर पातेल्यातलं घातलं आणि टोस्टच्या चळतीतला वरचा, सगळ्यात खरपूस टोस्ट उचलून तिच्या हातात दिला.

"चाव," ते म्हणाले. "चावा रे सगळे. थांबलात कशाला? मला खायचं नाहीये, मला खाता येत नाहीये, ते कळलंय मला. पण ऐकता येतं ना? ते कुणी कापलेलं नाही."

मुलानं बापाकडे पाहिलं आणि भीत भीत काकडी तोंडात टाकली. सूनबाईनं काटाचमचा खाली आणला. मास्तरांनी रुमाल पुन्हा नीट लावला. बायको टोस्ट हातात धरून बसून राहिली, मग कडेचा एक तुकडा तिनं तोडला. चावताना तिनं मान खाली घातली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती चावत होती. साहेबांचा जबडा हलला. त्यांना ते कळलं, आणि त्यांनी तो हलू दिला.

थोड्या वेळानं बायकोनं त्यांच्याकडे चोरून पाहिलं आणि हळूच विचारलं, "त्रास होतोय का हो? आवाज जास्त होतोय का?"

साहेबांनी डोळे मिटले, जरा कान दिला आणि टोस्टची सबंध चळत तिच्याकडे सरकवली.

"कमी भरतोय," ते म्हणाले. "आणखी एक घे."